दोरा बांधलेली बाटली

माझ्या सासूबाईंनी एकदा आख्ख्या गल्लीत साखर वाटली होती. काय झालं म्हणाल, तर त्यांचा लेक दारू पिताना सापडला होता. हसू नका. त्या दिवशी गल्लीतल्या एकाही बाईनं साखर नाकारली नाही. सगळ्यांनी चिमूट चिमूट तोंडात टाकली, "बरं झालं माय, देव पावला" म्हणाल्या आणि आपापल्या घरी गेल्या. मी एकटीच अशी होते, जिला ते साखरेचं ताट उचलून कोणाच्या तरी टाळक्यात घालावंसं वाटत होतं. कोणाच्या, ते सांगायला नको.

ते बीटी कपाशीचे दिवस होते. धामणगाव बढ्याहून थोडं आत आमचं गाव, आणि गावात त्या सालांत कपाशीशिवाय दुसरं बोलणं नव्हतं. नवीन बियाणं आलं, बोंडअळीची चिंता मिटली, फवारणी आता विसरा, असं पाकिटावरच्या चित्रातला माणूस हसून सांगायचा. अळी थोडी हटली, खोटं कशाला बोलू? पण तुडतुडे आणि मावा यांना ते पाकीट कोणी वाचून दाखवलं नव्हतं. त्यामुळं फवारणी काही सुटली नाही आणि गोठ्यातल्या फळीवरच्या औषधाच्या बाटल्याही हलल्या नाहीत. आमच्याकडं फवारणीच्या विषाला औषधच म्हणतात. कोणी धावत येऊन "अमक्यानं औषध घेतलं" म्हणालं की बाया हातातलं काम टाकून उभ्या राहायच्या. दुकानातून घेतलं की तोंडानं, हे कळेपर्यंत कोणाचा जीव भांड्यात पडायचा नाही. पिकानं मार खाल्लेल्या त्या सालांत आसपासच्या गावांतून दोन्ही प्रकारच्या बातम्या येत होत्या.

म्हणून घरातली बाई त्या फळीला हात लावत नसे. आणि नेमकी हीच गोष्ट आमच्या मालकांनी हेरली.

मालकांची दारू मला नवीन नव्हती. मी काही गरीब गाय नाही. बाटली दिसली की नालीत ओतायची, असा माझा नेम होता. त्यांनी ज्वारीच्या पोत्यात लपवली, मी काढली. कडब्यात लपवली, काढली. एकदा तर देव्हाऱ्यामागं सापडली. त्या दिवशी मी देवालाही चार शब्द सुनावले. मग एकाएकी बाटल्या सापडायच्या बंद झाल्या. मला वाटलं, सुधरले. वरून माणूस एकदम कष्टाळू झाला. बसल्या जागेवरून उठायचे, "जरा औषध पाहून येतो" म्हणायचे आणि गोठ्यात जायचे. सासूबाई कौतुकानं म्हणायच्या, "पाह्य, माह्या पोराले कपाशीची किती काळजी हाय!"

काळजी होतीच. वेचणी संपली, शेतात नुसत्या वाळक्या पऱ्हाट्या उरल्या, तरी काळजी कमी होईना. एका दुपारी मी पाहिलं, पंप खुंटीवर टांगलेला आणि मालक बाटली पाहायला निघालेले. आता मला सांगा, पऱ्हाट्यांवर काय कोणी फवारते? मी मागोमाग गेले. गोठ्याच्या दारातून डोकावले तर हा बाबा फळीवरची औषधाची बाटली तोंडाला लावून उभा.

मी काय केलं ते मला आठवत नाही. लोक सांगतात की मी अशी किंचाळले, की बैलानं दावं तोडलं. गल्ली धावत आली. सासूबाईंनी ऊर बडवून घेतला. कोणी म्हणे मिठाचं पाणी पाजा, कोणी म्हणे काही पाजू नका, कोणी बैलगाडी जुंपायला पळालं तर बैल आधीच सुटलेला. चौघांनी मालकांना उचललं. ते हातपाय झाडत ओरडत होते, "अरे सोडा बे! दारू हाय! दारू हाय ते!" कोणी ऐकेना. शेवटी शेजारच्या आजोबांनी बाटलीचा वास घेतला, पुन्हा घेतला, जरा जास्तच वेळ घेतला आणि म्हणाले, "दारूच हाय."

दारू आहे म्हणून गयावया करणारा नवरा मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. रोज नाही नाही म्हणून देवाची शप्पथ घेणारा माणूस! सासूबाईंनी जमिनीला डोकं टेकलं, आत गेल्या आणि साखरेचं ताट घेऊन बाहेर आल्या.

गल्ली पांगल्यावर मी त्यांना गोठ्यात उभं केलं. फळीवर सारख्याच दोन बाटल्या. तोच रंग, तेच लेबल, तोच धोक्याचा लाल तिकोन.

"ह्या दोघीतली कोनती काय हाय ते कसं समजते तुम्हाले?"

मालक थोडे फुशारकीनंच म्हणाले, "दारूच्या बाटलीले म्या दोरा बांधला हाय. तेवढी अक्कल हाय मले."

मी पाहिलं. बाटलीच्या गळ्याला खरंच दोरा होता. गोणी शिवायच्या सुतळीचा एक बारीक पदर. पिऊन आल्यावर ज्या माणसाला स्वतःच्या पायजम्याची नाडी सापडत नाही, त्याचा जीव त्या दोऱ्यावर टांगलेला होता. त्या दिवसापासून रात्री-अपरात्री गोठ्यात खुट्ट झालं तरी मी उठून बसायचे.

तुम्ही म्हणाल, औषध दुसरीकडं ठेवायचं. ठेवलं की! पेटीत घालून कुलूप लावलं, किल्ली कमरेला. तर मालकांनी आपली बाटली चुलत्याच्या गोठ्यात नेली. तिथंही फळी, तिथंही औषध. गावात कोणाच्या गोठ्यात औषध नव्हतं? मी काय साऱ्या गावाच्या किल्ल्या कमरेला बांधू?

मग उपाय सुरू झाले. आधी शपथा. मालकांनी देवाची घेतली, आईची घेतली, शेवटी बैलाच्या पाठीवर हात ठेवून घेतली. बैलानं अंग थरथरवून हात झटकला. त्यालाही विश्वास नव्हता. मग सासूबाईंनी कुठल्याशा वैदूकडून पुडी आणली, चहात मिसळून गुपचूप द्यायची. ती मी मिसळली. कप बदलले. चहा सासूबाई प्यायल्या. दिवसभर त्यांच्या पोटात ढवळत होतं, आणि त्यांची मिसरी मात्र त्या दिवसापासून सुटली. "औषध गुणाचं हाय व," असं त्या पुढं कितीतरी दिवस सांगत होत्या.

एका बाजाराच्या दिवशी मी धामणगावच्या स्टँडवर गाडीची वाट पाहत उभी होते. समोरच्या भिंतीवर मोठ्ठी जाहिरात रंगवलेली. डोक्याएवढी पांढरीशुभ्र बोंडं आणि खाली बियाण्याचं नाव. पण त्या बोंडांच्या आडून जुनी अक्षरं डोकावत होती. मी जवळ जाऊन वाचलं. "दारू सोडायची आहे? एकटे नाही आहात. या, बोला..." आणि पुढं कुठं यायचं, कोणाशी बोलायचं, ते सगळं एका बोंडानं झाकून टाकलेलं. माझं डोकं असं फिरलं! मी नखानं रंग खरवडायला लागले. येणारे-जाणारे पाहत होते. पाहू द्या.

भिंतीसमोर एका शिंप्याचं दुकान होतं. म्हातारे मुसलमान चाचा, गळ्यात टेप. मी सरळ तिकडं गेले. "चाचा, ह्या भितीवर काय लिहेल होतं हो? दारू सोडायचं?"

चाचांचं मशीन थांबलं. त्यांनी उजवीकडं पाहिलं, डावीकडं पाहिलं. "मेरेको क्या मालूम बहन. मैं तो कपडे सीता."

"तुमच्या समोरची भित हाय. इतकी वर्षं पाहून राह्यले, वाचलं नाई?"

"चष्मा नहीं था." चष्मा नाकावर होता. मग हळूच म्हणाले, "किसके वास्ते होना?"

"माह्या भावासाठी."

"हां," चाचा सुईत दोरा ओवत म्हणाले, "सबका भाईच रहता." मला राग आला आणि रडूही आलं. माझ्या डोळ्यांतलं पाणी त्यांनी पाहिलं असावं. कापडाकडं पाहत, जणू कापडालाच सांगावं तसं, ते पुटपुटले, "इतवार को सुबह, उधर शाळा में कुछ तो बैठते बोलते लोगां. नाम-गाव कोई नहीं पूछता. अब जाव. और मैंने कुछ नहीं बोला."

आता मालकांना न्यायचं कसं? मी साधा रस्ता धरला. "रविवारी माह्यासंग येता, का साऱ्या धामणगावाले दोऱ्याची गोष्ट सांगू?"

"काऊन जीव खाऊन राह्यली व?" मालक म्हणाले. पण घाबरले. दारू प्यायची लाज नव्हती, लोकांनी ऐकायची होती. शेवटी एका अटीवर तयार झाले. कोणी ओळखलं नाही पाहिजे. म्हणून रविवारी सकाळी त्यांनी फवारणीला बांधतात तसा रुमाल तोंडाला करकचून बांधला. काळीपिवळी जीपगाडीत बसलो तर झाडून सारे म्हणतात, "काय भाऊ, तोंड काऊन बांधलं?" मालक रुमालातून म्हणाले, "दात दुखते." मग उतरेपर्यंत सगळी गाडी त्यांना लवंग, तुरटी आणि कडुलिंबाच्या काडीचे उपाय सांगत होती.

शाळेच्या मैदानात पाहते तर मंडप! खुर्च्या, माइक, चहाचं पिंप. फाटकाशी टाय लावलेला एक माणूस हात जोडून उभा. "या या, स्वागत आहे, या!" आणि त्यानं आमच्या दोघांच्या डोक्यांवर एकेक टोपी चढवली. टोपीवर कपाशीचं बोंड. आता कोणी म्हणेल, तेव्हाच समजायला पाहिजे होतं. पण आमच्याकडं त्या सालांत टोपी म्हटलं की बोंड असायचंच. लग्नाच्या वरातीतही लोक त्याच टोप्या घालून नाचायचे. स्टेजवरचं मोठं कापड दोघं जण बांधत होते आणि वारा ते गुंडाळून टाकत होता, म्हणून त्यावरचं काही वाचता येईना.

"अवं," मालक कुजबुजले, "बेवड्यांची एवढी सोय कोन करते?"

"सरकार असंल," मी म्हटलं.

आम्ही मागच्या रांगेत बसलो. मालकांनी रुमालाआडून इकडंतिकडं पाहिलं आणि मला ढोसलं. "अवं, सरपंच!" पाहिलं तर खरंच आमच्या गावचे सरपंच, पुढच्या रांगेत, टोपी घालून. पलीकडं शाळेचे मास्तर. त्यांच्या शेजारी भजनात टाळ वाजवणारे बुवा. जिकडं पाहावं तिकडं ओळखीचं तोंड.

"मास्तर बी पेते?" मालक म्हणाले.

"बुवा बी," मी म्हटलं. माझाही विश्वास बसत नव्हता. बुवांबद्दल मला फार वाईट वाटलं.

मग मालकांनी तोंडावरचा रुमाल सोडला, घाम पुसला आणि खिशात घातला. "सारेच हायेत," ते म्हणाले, "मंग लाज कायची?" त्यांचा चेहरा असा मोकळा झाला, की मला सरकारचे पाय धरावेसे वाटले.

तेवढ्यात एक शेतकरी माइकवर आला. म्हणाला, "भावांनो, आधी माही लय खराब हालत होती. घरचे बोलत, दारचे हसत. मले या माणसांनी सांगतलं, बदल करून पाह्य. म्या म्हटलं, आपल्याच्यानं होत नाई. पन म्या हिंमत केली. पह्यल्या वर्षी थोडा फरक पडला. आता पाहा, बायको बी खुश, म्या बी खुश!" टाळ्या पडल्या. मी तर उभी राहून वाजवल्या. मालकांच्या डोळ्यांत पाणी.

टायवाला म्हणाला, "अजून कोणाला अनुभव सांगायचा आहे? घाबरू नका, आपलीच माणसं आहेत."

मी कोपर उचललं होतं, पण मारायची गरज पडली नाही. मालक आपणहून उठले. टोपी नीट केली, स्टेजवर गेले, माइक धरला. आणि म्हणाले, "मी पेतो."

मागून कोणीतरी फिस्सकन हसलं. सरपंचांची मान वळली. मास्तरांचा चहा कपात हिंदकळला. आणि त्याच वेळी वारा पडला, स्टेजवरचं कापड खाली सुटलं, आणि मी त्यावर डोक्याएवढ्या अक्षरांत वाचलं: शेतकरी मेळावा, आणि खाली बियाण्याचं नाव. तेच, भिंतीवरचं.

मी हातवारे करायला लागले, या, खाली या, पळा. मालकांना वाटलं, बायको हिंमत देऊन राह्यली. त्यांनी मला पाहून मान हलवली आणि माइक अजून जवळ घेतला. एरवी दिवसातून सतरा वेळा जाणारी लाइट, त्या दिवशी काही केल्या जाईना.

"रोज पेतो," ते म्हणाले. "बायको नालीत ओतते. म्हनून म्या दारू औषधाच्या बाटलीत ठेवत होतो. ओळखू यावं म्हनून दोरा बांधत होतो." लोक आता मोकळेपणानं हसत होते. टायवाला पुढं सरसावला, "भाऊ, भाऊ, आपण वाणाबद्दल बोलू..." त्यानं माइकला हात घातला, तर मधल्या रांगेतून कोणीतरी ओरडलं, "बोलू दे बे त्याले!"

"एक डाव दोरा सुटला," मालक म्हणाले. "उंदरानं नेला का काय झालं, मले माहीत नाई. फळीवर दोन बाटल्या. कोनती कोनती, समजेना. हात असे कापून राह्यले होते. मंग म्या चाखून पाह्यलं."

हसणं थांबलं.

"पह्यली चाखली, थे औषधाची निघाली. जीभ जळाली. थुकलो. हौदावर जाऊन गुळन्या केल्या. लय केल्या." त्यांनी शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं. "अन् मंग आलो, अन् दुसरी पेलो."

मला हे माहीत नव्हतं. मला आठवलं, आदल्या पोळ्याच्या सुमाराला त्यांचं तोंड आलं होतं, भाकर गिळवत नव्हती. पानातला चुना जास्त झाला म्हणाले होते. मी म्हटलं होतं, बरं झालं, जीभ जळली तर खोटं तरी कमी बोलाल. मी ज्या गोष्टीला भिऊन रात्रंदिवस गोठ्याकडं कान लावून होते, ती आधीच होऊन गेली होती, आणि मी ओट्यावर बसून त्यांना टोमणे मारत होते. मी डोक्यावरची टोपी काढली आणि मुठीत चुरगाळत बसले.

मालक मात्र म्हणाले, "झालं. आता तुमच्यातलं कोन सांगते?" आणि सरळ सरपंचांकडं पाहिलं.

सरपंच असे उठले की खुर्ची उलटली. टायवाल्याला काय करावं ते सुचेना. त्याच्या यादीत अनुभव सांगणाऱ्याला शाल आणि भिंतीवरचं घड्याळ द्यायचं ठरलेलं होतं. त्यानं घाईघाईनं मालकांच्या खांद्यावर शाल टाकली, हातात घड्याळ दिलं आणि त्यांना उतरवलं. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनीच वाजवल्या. मालक खाली आले ते कापडावरची अक्षरं वाचतच आले. माझ्यासमोर उभे राहिले. चेहरा पांढराफट्ट.

"अवं," ते म्हणाले, "हे तं बियान्याचं हाय."

तेवढ्यात मागून कोणीतरी त्यांचं कोपर धरलं. पाहते तर शिंपी चाचा. आज गळ्यात टेप नव्हता. "भाऊ," ते हसू दाबत म्हणाले, "घर चुक गया तुमारा. अपना पीछे है. आखरी कमरा."

"चाचा! तुम्हाले तं काही माहीत नव्हतं!" मी भडकले.

"अब भी नहीं मालूम," चाचा म्हणाले आणि मालकांना घेऊन चालायला लागले.

मी मागं निघाले आणि सहज वळून पाहिलं. मंडपातून एक माणूस उठला, शेजाऱ्याला करंगळी दाखवली आणि शाळेच्या मागं निघाला. मग दुसरा उठला. मग टाळवाले बुवा उठले. सगळ्यांना एकदम लघवीला लागली होती, आणि मुतारी होती उलट्या बाजूला. बुवांनी माझ्याजवळून जाताना डोळे खाली घातले. मीही दुसरीकडं पाहिलं.

आखरी खोलीच्या दारात चाचांनी मला अडवलं. आत फक्त पिणारे. "मी याइले घेऊन आली, मी!" मी म्हटलं. "हां बहन, शुक्रिया. बाहर बैठो," म्हणाले आणि दार लोटून घेतलं. घ्या! मी व्हरांड्यात पाय आपटत बसले. तिथं आधीच एक बाई लसूण सोलत बसली होती. तिचा नवरा आत होता, आणि ती दर रविवारी घरचं निवडण-सोलण घेऊन इथंच बसायची. तिनं मला बाजूला जागा दिली. सोडली का त्यानं, मी विचारलं. "सोडते, पडते, पुन्हा येते," ती म्हणाली. "पन येते." पुढं आमच्याही नशिबी तेच आलं. मालक काही त्या दिवशी देवमाणूस झाले नाहीत. घसरले, मी भांडले, रविवार आला की पुन्हा काळीपिवळीत बसले. पण ते नंतरचं.

त्या दिवशी मी दाराला कान लावून होते. मला वाटलं होतं, आत रडारड चालली असेल. तर आतून हसण्याचा आवाज! एक जण काहीतरी बोलायचा आणि सगळे खो खो हसायचे. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. इथं माझा जीव टांगणीला लागलेला, आणि हे हसून राह्यले? त्यात एक जण तर फारच चेकाळला होता. हसता हसता त्याला ठसका लागे, श्वास घेई आणि पुन्हा हसे. असं मोकळं, पोटातून.

"हा कोन व एवढा दात काढून राह्यला?" मी त्या बाईला विचारलं.

तिनं खिडकीतून डोकावून पाहिलं. "शालवाला," ती म्हणाली. "तुमचेच तं हायेत."

मी उठून खिडकीशी गेले. माझा नवरा. शाल खांद्यावरून घसरलेली, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि तो हसत होता. ह्या माणसाचं खोकणं मला ठाऊक होतं, घोरणं ठाऊक होतं, झिंगून दारात आपटणं अंधारातही ओळखू यायचं. हे हसणं मला ओळखता आलं नव्हतं. न पिता हसलेलं मी कधी ऐकलं होतं ते मला आठवेना. हा माणूस जगंल, असं मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं, आणि मी गज धरून हुंदके देऊन रडायला लागले.

मालकांनी माझ्याकडं पाहिलं. साऱ्या खोलीनं पाहिलं. बोट दाखवून मालक म्हणाले, "हेच! हेच ते! हिच्या किंचाळन्यानं बैलानं दावं तोडलं!" आणि सगळी खोली पुन्हा फुटली. बुवाही हसत होते.

एरवी मी असं चारचौघांत ऐकून घेतलं नसतं. पण ते जरा शांत व्हायला लागले तशी मला भीती वाटली. मी पदरानं नाक पुसलं आणि खिडकीतूनच ओरडले, "हसा की! थांबले काऊन? हसा अजून!"